दहा पौंडांचे घर

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली म्हणून ही स्मरणिका निघते आहे आणि "काका, तुम्ही इतिहासावर काहीतरी द्या" असा समितीचा हुकूम आहे. शिवकालावर आणि पेशवाईवर बोलणारे आपल्याकडे माझ्याहून जाणकार आहेत, त्यांच्या वाटेला मी जात नाही. मी इतिहास घेऊन बी. ए. झालो खरा, पण नंतर चौतीस वर्षे बँकेत गेली आणि त्यातली शेवटची काही गृहकर्ज विभागात. त्यामुळे मला इतिहास दिसतो तो घरांच्या रूपाने. घर कोणी बांधले, कशाने बांधले, पैसे कुठून आले, आणि मुख्य म्हणजे छप्पर गळायला लागल्यावर कोण पुढे आले आणि कोण खाली मान घालून बसले.

ज्या घराबद्दल लिहितो आहे ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, ससेक्स परगण्यात, अल्फ्रिस्टन नावाच्या खेड्यात आहे. 'अल्फ्रिस्टन क्लर्जी हाउस' असे त्याचे नाव. क्लर्जी म्हणजे पाद्री मंडळी. मुलगी ब्रायटनला होती तेव्हा जावयाने आम्हा दोघांना तिथे गाडीने नेले. कुकमिअर नावाची एक छोटी नदी, तिच्या काठी हिरवळ, हिरवळीवर चर्च आणि चर्चच्या शेजारी हे घर. सौ. म्हणाली, "एवढ्याशा घरासाठी एवढ्या लांब आणलंत?" घर खरोखरच लहान आहे. आपल्या ए विंगच्या दोन फ्लॅटचा पसारा एकत्र केला तर साधारण तेवढे होईल. पण ते चौदाव्या शतकातले आहे. म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य चालू होते तेव्हाचे. आणि ते किल्ला नाही, देऊळ नाही, राजवाडा नाही. लाकूड, माती आणि पेंढा यांचे राहते घर आहे. दगडी वास्तू सहाशे वर्षे टिकते यात नवल नाही. पेंढ्याचे घर कसे टिकले, हा माझा विषय.

आधी घराची ठेवण सांगतो. इंग्लंडच्या त्या भागात, केंट आणि ससेक्समध्ये, अशी बरीच घरे आहेत. त्या प्रकाराला 'वील्डन हाउस' म्हणतात, कारण वील्ड हा तिथला जुना ओकच्या जंगलांचा टापू. मधोमध एक मोठे दालन, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत उघडे, वर माळा नाही. दोन्ही टोकांना मात्र दोन-दोन मजले. एका टोकाला घरमालकाची खाजगी बैठकीची खोली आणि वर झोपायची खोली, दुसऱ्या टोकाला खाद्यपदार्थ आणि पेये ठेवायच्या कोठ्या. टोकांचे वरचे मजले पुढच्या बाजूला थोडे बाहेर आलेले असतात, मधले दालन मागे राहते. छप्पर मात्र सगळ्यांवर एकच, सलग. त्यामुळे दालनापुढे वळचण अधांतरी राहते आणि तिला दोन्ही बाजूंनी वाकड्या ओकच्या लाकडांचा टेकू दिलेला असतो. ही वाकडी लाकडे मुद्दाम वाकवलेली नसतात. झाडच वाकडे वाढलेले निवडायचे. सुतार रानात फिरून झाडात घर बघायचा, असे म्हणायला हरकत नाही.

नावात पाद्री असले तरी अशी घरे मुळात सुखवस्तू शेतकऱ्यांची. १३४८-४९ साली इंग्लंडात प्लेगची भयंकर साथ आली आणि लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा गेला. जे वाचले त्यांना जमीन जास्त मिळाली, मजुरी जास्त मिळाली आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांत साध्या शेतकऱ्याच्या हाती घरासाठी पैसा आला. बांधकामातली तेजी आणि तिच्यामागे मरण, हे ऐकायला बरे वाटत नाही, पण हिशेब तसा आहे. पुढे हे घर चर्चकडे आले आणि धर्मगुरू तिथे राहू लागले.

मधल्या दालनात चूल होती. चूल म्हणजे धुराडे असलेली शेगडी नव्हे. जमिनीच्या मध्यावर उघडी आगटी. धूर वर जाणार, वाशांभोवती रेंगाळणार आणि पेंढ्यातून, फटींतून हळूहळू बाहेर पडणार. अशा घरांचे वासे म्हणूनच काजळीने काळे असतात आणि वास्तुतज्ज्ञ ती काजळी पाहून सांगतात की इथे एकेकाळी धुराडे नव्हते. खिडक्यांना काच नव्हती. लाकडाच्या उभ्या दांड्या आणि आतून फळीची झडप, एवढेच. इंग्रजीतला 'विंडो' हा शब्द मुळात 'वाऱ्याचा डोळा' अशा अर्थाचा आहे. तिथल्या थंडीत डोळा उघडा ठेवायचा की मिटायचा, हा रोजचाच प्रश्न असणार.

आता सांगाडा. ओक तोडला की ओला असतानाच कापायचा, कारण वाळला की लोखंडासारखा होतो. एका लाकडात खाच, दुसऱ्याला जीभ, जीभ खाचेत बसवायची आणि आरपार ओकचीच खुंटी ठोकायची. खिळा नाही. लाकूड वाळताना आखडते आणि सांधा उलट जास्त आवळला जातो. सगळे खांब आणि तुळया आधी सुताराच्या अंगणात जमिनीवर जुळवून बघायच्या, प्रत्येक सांध्याला रोमन आकड्यांसारख्या खुणा करायच्या, मग सुटे करून जागेवर नेऊन उभे करायचे. हल्ली बिल्डर 'प्रीफॅब' म्हणून जे कौतुकाने सांगतात ते हेच. आढ्याखाली आडव्या तुळईच्या मध्यावर एक सुबक खांब उभा असतो, त्याला 'क्राउन पोस्ट' म्हणतात. घराचा सगळ्यात देखणा भाग तोच. दालनात बसलेल्या पाहुण्याची नजर वर जावी आणि मालकाची ऐपत कळावी, अशी ती योजना. दारापाशी मला वाकावे लागले, आणि माझी उंची आपण सगळे जाणताच.

भिंती पाहून मात्र मी थबकलो. सांगाड्याच्या चौकटीत ओकच्या उभ्या काठ्या, त्यांच्यात हेझल नावाच्या झुडपाच्या लवचिक फांद्या टोपलीसारख्या विणलेल्या, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चिकणमाती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचे मिश्रण थापलेले. वरून चुना. अहो, हा तर कूड! आपल्या कोकणात कारवीच्या काठ्या विणून शेणामातीने लिंपतात तीच भिंत. सात समुद्रापलीकडच्या माणसाने तोच विचार केला याचे नवल वाटते, आणि थोड्या वेळाने वाटत नाही. हाताशी काठी आहे, माती आहे, गोठ्यात गाय आहे, मग माणूस दुसरे काय करणार? कुडाची भिंत भार उचलत नाही, भार सांगाडा उचलतो. म्हणून भिंत खराब झाली तर तेवढा चौकोन काढून नवा भरायचा, घराला धक्का नाही.

जमिनीची तऱ्हा तर आणखी गमतीची. त्या भागातले डोंगर खडूचे आहेत. समुद्रावरचे 'सेव्हन सिस्टर्स' नावाचे पांढरे कडे तिथून जवळच. दालनाची जमीन त्याच खडूचे खडे कुटून, ठोकून केलेली आहे आणि वर आंबट दूध ओतून ती बंद केलेली आहे. दुधातले प्रथिन आणि खडूतला चुना यांचा मेळ बसून पृष्ठभाग घट्ट होतो. आपण सारवतो, ते दूध ओततात. सौ.ला हा प्रकार अजिबात पटला नाही. दूध नासले तर त्याचे पनीर करावे, असे तिचे मत पडले.

आता छप्पर. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, संपादकांनी कात्री लावू नये.

पेंढ्याचे छप्पर पाणी अडवते कसे? एक काडी काही अडवत नाही. पण फूटभर जाडीचा थर आणि सुमारे पन्नास अंशांचा तीव्र उतार असला की पावसाचा थेंब एका काडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर उतरत वळचणीला येतो आणि खाली पडतो. भिजतो तो फक्त वरचा पातळ थर, आतले कोरडे राहते. उतार कमी झाला की पाणी थांबते, थांबले की मुरते आणि मुरले की कुजते. म्हणून पन्हळ नसते, वळचणच भिंतीपासून चांगली पुढे काढलेली असते. कारण खाली मातीची भिंत आहे, तिच्यावर शिंतोडे उडता कामा नयेत. पेंढ्यात हवा अडकते म्हणून थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा, हे आपल्याकडच्या केंबळी घरात राहिलेल्यांना सांगायला नको.

साहित्य तीन प्रकारचे. गव्हाचा लांब पेंढा, विंचरून सरळ केलेला गव्हाचा पेंढा, आणि पाणथळातला बोरू. पेंढा वीस-तीस वर्षे टिकतो, बोरू त्याहून बराच जास्त. आढ्यावरचा पट्टा मात्र सगळ्यात जास्त मार खातो, तो दर दहा-पंधरा वर्षांनी बदलावा लागतो. हेझलच्या फोडलेल्या काड्या पीळ देऊन केसांच्या आकड्यासारख्या वाकवतात आणि त्यांनी पेंढा खाली जखडतात. नव्याने शाकारताना सगळे छप्पर उतरवतात असेही नाही. वरचा कुजलेला थर काढून नवा चढवतात, खालचा तसाच राहतो. दक्षिण इंग्लंडात काही घरांच्या छपरात तळाशी काजळीने काळा झालेला मध्ययुगातला पेंढा आजही सापडतो आणि त्यात त्या काळच्या गव्हाच्या जाती आणि शेतातले तण ओळखता येते. म्हणजे छप्पर हेच दप्तर. आम्ही बँकेत जुने व्हाउचर दहा वर्षांनी नष्ट करायचो.

इथे एक अडचण उभी राहिली, ती आपल्या ओळखीची आहे. छपराला लांब दांड्याचा गहू लागतो. पण विसाव्या शतकात जास्त उत्पन्न देणाऱ्या बुटक्या जाती आल्या, ज्यांनी आपल्याकडे हरितक्रांती केली त्याच घराण्यातल्या. शिवाय कापणी-मळणीचे यंत्र काडी मोडून टाकते. त्यामुळे छपरासाठी जुन्या जातींचा गहू मुद्दाम पेरणारे शेतकरी आणि जुन्या यंत्राने कापणी करणारे लोक तिथे टिकून आहेत. एका छपरामागे अशी पूर्ण साखळी लागते. शाकारणी करणारा तो 'थॅचर'. मार्गारेट थॅचरबाईंचे नाव त्यावरूनच, अर्थात ते त्यांच्या नवऱ्याकडून आलेले.

छपराचा शत्रू आग. लंडनमध्ये १२१२ सालीच गवती छपरांना बंदी झाली. शेक्सपिअरच्या मंडळींचे 'ग्लोब' नाट्यगृह १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना तोफेच्या ठिणगीने छपरासकट जळाले. १९९७ मध्ये ते नव्याने उभे केले तेव्हा छपरावर पाण्याच्या फवाऱ्याची सोय करावी लागली. अशा घरांचा विमा आजही महाग असतो, आणि माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर मीही कपाळाला आठ्या घातल्या असत्या.

आता या घराच्या कठीण काळाकडे येतो. सोळाव्या शतकात धुराडी आली, उघड्या दालनांत माळे पडले, पाद्री लग्ने करून मोठ्या घरांत राहायला लागले. हे घर लहान, कोंदट, जुन्या वळणाचे. पुढे ते मजुरांना भाड्याने दिले गेले. भाडे कमी म्हणून दुरुस्ती नाही, आणि दुरुस्ती नाही म्हणून भाडे कमी, हे चक्र आपण मुंबईतल्या चाळींत पाहिले आहे. १८८५ च्या सुमारास घर इतके मोडकळीला आले की चर्चच्या वरिष्ठांनी ते पाडायला परवानगी दिली. त्या वेळी तिथे एक वृद्ध बाई राहत होती. मला माझे शेवटचे दिवस इथेच काढू द्या, अशी तिने गळ घातली आणि ती मान्य झाली. १८८८ मध्ये ती वारली. तिच्या त्या हट्टामुळे घराला तीन वर्षे मिळाली. त्यानंतर गावचे धर्मगुरू रेव्हरंड बेनन यांनी ते वाचवायचा ध्यास घेतला. ते ससेक्सच्या पुरातत्त्व मंडळाकडे गेले. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेल्या जुन्या इमारतींच्या रक्षण संस्थेकडे गेले. सल्ला मिळाला, सहानुभूती मिळाली, पैसा मिळाला नाही. मग ते नुकत्याच, १८९५ मध्ये, स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टकडे गेले आणि १८९६ साली ट्रस्टने हे घर विकत घेतले. किंमत दहा पौंड. ट्रस्टने घेतलेली ही पहिली इमारत. त्या काळच्या दराने दहा पौंड म्हणजे आपले दीडशे-पावणेदोनशे रुपये होतात. दुरुस्तीचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी पट होता आणि त्यासाठी लोकांकडे वर्गणी मागावी लागली.

वर्गणी मागणाऱ्यांत पुढे होत्या ऑक्टेव्हिया हिल, ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकी एक. सोसायटीच्या प्रत्येक खजिनदाराने या बाईंचे चरित्र वाचावे. १८६५ मध्ये जॉन रस्किन या विचारवंताने लंडनमधली तीन कळकट घरे घेऊन बाईंच्या हाती सोपवली, अट एवढीच की गुंतवणुकीवर पाच टक्के सुटले पाहिजेत. बाई दर आठवड्याला स्वतः दारोदार जाऊन भाडे गोळा करायच्या. थकबाकी चालायची नाही. भाडे बुडवणाऱ्याला सूट नाही, पण मालकालाही दुरुस्तीतून सूट नाही. पाच टक्के देऊन जे उरेल ते घरांवरच खर्च करायचे आणि कशावर करायचे ते भाडेकरूंना विचारून. धर्मादाय नाही आणि नफेखोरीही नाही. काही लोकांना त्या फार कडक वाटत. मला त्या आदर्श शाखाधिकारी वाटतात.

दुरुस्तीचे काम आल्फ्रेड पॉवेल या वास्तुविशारदाने पाहिले. मॉरिस यांच्या संस्थेचे धोरण असे की जुने घर नवे दिसेल असे करू नये. जे कुजले तेवढेच काढावे, नवे लाकूड नवे म्हणून दिसू द्यावे, आणि रोजची देखभाल चुकवू नये म्हणजे मोठी दुरुस्ती लागत नाही. आपल्या प्लंबरपासून पॅनेलवरच्या अभियंत्यापर्यंत सगळ्यांना हे वाक्य ऐकवावेसे वाटते.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर १८९६ साली त्या घराचे मूल्यांकन करायला मला पाठवले असते तर मी 'तारणयोग्य नाही' असा शेरा मारला असता, आणि नियमाने तो बरोबर ठरला असता. घराची किंमत दहा पौंड आणि त्यावर अनेक पट खर्च, हा कुठलाही कर्ज-प्रस्ताव मंजूर होण्यासारखा नाही. अशा वेळी बँक उपयोगाची नसते. वर्गणी लागते.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो त्याला कारण आहे. राजापूर तालुक्यात आमच्या आजोबांचे घर होते. जांभ्याचे जोते, पुढे ओसरी, आत माजघर, मागच्या पडवीला कुडाच्या भिंती. माझ्या लहानपणी अर्ध्या घरावर कौले आली होती आणि मागचा भाग अजून गवताने शाकारायचे. मृग लागायच्या आधी चार-पाच गडी वर चढत, खालून पेंढ्या फेकायचे काम आम्हा मुलांचे. खर्च फार नव्हता. पण आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर अकरा नावे लागली. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी बडोद्याला. माझे वडील मनीऑर्डर पाठवत, एक काका पाठवत, बाकीच्यांचे म्हणणे "आम्ही तिथे राहत नाही तर आम्ही का द्यावे?" हेही म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. एका वर्षी मागची शाकारणी राहिली, दुसऱ्या वर्षी राहिली, आढ्याच्या लाकडात पाणी शिरले. १९८३ च्या पावसात मागची बाजू बसली आणि दोन वर्षांत पुढची. आज तिथे जोते आहे आणि जोत्यावर रामफळाचे झाड आहे. घर कोणी पाडले नाही. कोणाला पाडायचेही नव्हते.

आपल्या इमारतीचे वय पंचवीस. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आला आहे, गच्चीची गळती सी विंगच्या वरच्या मजल्याला माहीत आहे, आणि पुनर्विकासाचे एक-दोन प्रस्ताव कोणाकोणाच्या खिशात फिरत आहेत. पुनर्विकासाला माझा तत्त्वतः विरोध नाही. काही इमारतींना दुसरा इलाज नसतो. पण पंचवीस वर्षांची इमारत म्हातारी नव्हे. पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेत दुरुस्ती निधी वाढवायचा विषय आहे आणि मी त्याच्या बाजूने मत देणार आहे, हे इथेच नोंदवून ठेवतो. गेल्या वेळी या विषयाला गणपूर्ती झाली नव्हती.

राहिले अल्फ्रिस्टन. ट्रस्ट सुरुवातीला नुसती एक नोंदणीकृत संस्था होती. १९०७ मध्ये पार्लमेंटने कायदा करून तिला एक विलक्षण अधिकार दिला. ट्रस्टने एखादी मिळकत अहस्तांतरणीय जाहीर केली की ती पुढे विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. मालकालाच आपल्या मालकीवर कायमचे कुलूप लावायची ही सोय मला कायद्याच्या पुस्तकात दुसरीकडे आढळली नाही. आज त्या संस्थेचे पन्नास लाखांहून जास्त सभासद आहेत आणि वर्गणी भरतात. आपल्याकडे १९८४ मध्ये 'इंटॅक' ही वारसा जतन करणारी संस्था निघाली, तिचे काम चांगले आहे, पण वर्गणीचे तेवढे जमलेले नाही.

घरातून बाहेर पडण्यापूर्वी जावयाने दालनाच्या एका कोपऱ्यात लाकडावर कोरलेले ओकचे पान दाखवले. ट्रस्टचे बोधचिन्ह ओकच्या पानांचे आहे आणि त्याची कल्पना या पानावरून आली असावी, असे तिथे सांगतात. ते कोरणाऱ्या सुताराचे नाव कुठेही लिहिलेले नाही. मी चष्मा पुसून ते पुन्हा एकदा पाहिले. बाहेर पावसाची भुरभुर सुरू झाली होती. वळचणीखाली आम्ही तिघे उभे राहिलो, थेंब आमच्यापुढे हातभर अंतरावर पडत होते, आणि मागची भिंत कोरडी होती.